कमी पाण्यात पूर्ण काम: अमेरिकेतल्या घरात वॉटरसेन्स लेबल कसं वापरावं

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसांत पाण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "इथं पाण्याला काय तोटा आहे?" आणि दुसरं, "ते कमी पाण्याचे कमोड मात्र घेऊ नका, दोन-दोनदा फ्लश करावं लागतं." पहिल्याचं उत्तर बिलातच सापडतं. अनेक गावांत सांडपाण्याचा आकारही पाण्याच्या वापरावरून ठरतो, म्हणजे नळातून आलेल्या एकाच गॅलनचे पैसे दोनदा मोजावे लागतात. दुसरं वाक्य मात्र एके काळी खरं होतं. ते का खरं होतं आणि आता का राहिलेलं नाही, हे आधी समजून घेऊ. त्याशिवाय दुकानातल्या वस्तूंवरच्या त्या थेंबाच्या वॉटरसेन्स लेबलावर विश्वास बसणार नाही, आणि विश्वास नसेल तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

लेबलामागची गोष्ट

अमेरिकेतल्या जुन्या घरांतले कमोड एका फ्लशला ५ ते ७ गॅलन पाणी घेत. १९८० नंतर हा आकडा साधारण साडेतीन गॅलनवर, म्हणजे १३ लिटरवर आला. मग १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने मर्यादा घातली: १९९४ पासून घरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या कमोडने फ्लशला १.६ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ६ लिटरपेक्षा जास्त पाणी घ्यायचं नाही. कायद्याने पाणी किती ते सांगितलं, पण तेवढ्या पाण्यात भांडं साफ झालंच पाहिजे अशी कसोटी ठेवली नाही. सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलांत भांड्याचा आकार जवळपास जुनाच राहिला आणि टाकीतलं पाणी तेवढं कमी झालं. कमोड तुंबू लागले, लोक दोनदा फ्लश करू लागले, आणि 'कमी पाणी म्हणजे निकृष्ट काम' हा समज घट्ट बसला. दुसरं वाक्य त्या काळातलं आहे.

२००६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, वॉटरसेन्स हा कार्यक्रम सुरू केला. ऊर्जेसाठीचं एनर्जी स्टार हे लेबल याच संस्थेने १९९२ मध्ये आणलं होतं. वॉटरसेन्स ऐच्छिक आहे. कुठल्याही कंपनीवर हे लेबल घेण्याची केंद्राची सक्ती नाही. ज्यांना हवं त्यांनी ईपीएशी भागीदारीचा करार करायचा आणि आपला माल स्वतंत्र प्रमाणन संस्थेकडून तपासून घ्यायचा. अटी मुख्यतः दोन आहेत. वस्तूने प्रचलित मर्यादेपेक्षा निदान २० टक्के कमी पाणी वापरायचं, आणि काम इतर मालाइतकं किंवा त्याहून चांगलं करायचं. कमोडसाठी या दुसऱ्या अटीचा अर्थ असा: १.२८ गॅलनच्या, म्हणजे ४.८ लिटरच्या एका फ्लशमध्ये ३५० ग्रॅम सोयाबीनची पेस्ट टॉयलेट पेपरसकट निघून गेली पाहिजे.

माझ्या दृष्टीने या लेबलाचा प्राण ही दुसरी अट आहे. पाणी कमी सोडणारी वस्तू कुणीही बनवू शकतो, नळाच्या तोंडात बूच बसवलं तरी पाणी कमीच येतं. कमी पाण्यात काम पुरं होतं, याची खात्री तिसऱ्याने करून दिलेली असणं ही खरी मोलाची गोष्ट आहे. बारा वर्षं केवळ ईपीएच्या निर्णयावर चाललेल्या या कार्यक्रमाला २०१८ च्या जलसुविधा कायद्याने संसदेची मान्यताही मिळाली.

दुकानात एक फरक लक्षात ठेवा. कंपन्या, दुकानं आणि पाणीपुरवठा संस्था वॉटरसेन्सच्या 'भागीदार' असतात आणि तसं चिन्ह आपल्या जाहिरातीत वापरू शकतात. त्याचा अर्थ त्या कंपनीची प्रत्येक वस्तू लेबलधारी आहे असा होत नाही. लेबल मॉडेलला मिळतं, कंपनीला मिळत नाही. खोक्यावर शंका आली तर मॉडेल क्रमांक ईपीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत टाकून बघा. 'पाणी वाचवणारा', 'इको' असले शब्द खोक्यावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून त्यांवर विसंबू नका.

पायरी १: खरेदीआधी मोजमाप

नव्या वस्तू आणण्याची घाई नको. आधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. बिलात एकक बहुधा सीसीएफ असतं, म्हणजे शंभर घनफूट, आणि एक सीसीएफ म्हणजे ७४८ गॅलन. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. जानेवारी-फेब्रुवारीचं बिल सगळ्यांत बोलकं, कारण तेव्हा लॉनला पाणी नसतं आणि जो वापर दिसतो तो घरातला असतो. ईपीएचा ठोकताळा असा की चार माणसांच्या घरात थंडीच्या महिन्यात १२,००० गॅलनच्या वर पाणी जात असेल, तर कुठे तरी मोठी गळती आहे. हे बिल बाजूला काढून ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

अमेरिकेतलं सरासरी कुटुंब दिवसाला ३०० गॅलनच्या वर पाणी वापरतं, त्यातलं सुमारे ७० टक्के घरात. घरातल्या वापरात कमोड पहिला, साधारण २४ टक्के, मग शॉवर २० टक्के, नळ १९, कपडे धुण्याचं यंत्र १७, आणि गळती १२ टक्के. पैसे आणि वेळ याच क्रमाने खर्च करावेत. गळती मात्र पहिली धरावी, कारण ती दुरुस्त करायला बहुतेक वेळा दहा-वीस डॉलरच लागतात.

पायरी २: गळती शोधा

रात्री झोपण्यापूर्वी किंवा घरातले सगळे बाहेर जाताना मीटर बघा. झाकणाखाली मीटरच्या तबकडीवर एक लहान त्रिकोण किंवा चक्र असतं. घरात पाण्याचा थेंबही वापरात नसताना ते फिरत असेल तर पाणी कुठे तरी जात आहे. असं काही दिसत नसेल तर आकडा लिहून ठेवा, दोन तास पाणी वापरू नका, बर्फाचं यंत्रही बंद ठेवा, आणि पुन्हा वाचा.

गळतीचं मूळ बऱ्याचदा कमोडच्या टाकीत असतं, आणि ती ऐकू येतेच असं नाही. स्वयंपाकघरातला खाण्याचा रंग घ्या, चार-पाच थेंब टाकीत टाका, दहा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी रंगलं तर टाकीच्या तळाची रबरी झडप गळते आहे. तिला इथे फ्लॅपर म्हणतात. रंग दिसो वा न दिसो, नंतर लगेच फ्लश करा, नाहीतर चिनी मातीवर डाग बसतो. वाईट गळणारा कमोड दिवसाला २०० गॅलन घालवू शकतो. म्हणजे चार माणसांच्या शॉवरला लागतं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी, रोज, आवाज न करता.

फ्लॅपर बदलताना काळजी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात 'सगळ्यांना बसतो' असा फ्लॅपर मिळतो, पण तो जास्त वेळ उघडा राहिला तर १.२८ गॅलनचा कमोड त्याहून जास्त पाणी सोडू लागतो. जुना फ्लॅपर हातात घेऊन दुकानात जा, किंवा टाकीच्या आत लिहिलेल्या मॉडेल क्रमांकाचा भाग मागवा. टाकीत टाकायच्या निळ्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर बंद करा. त्या रबर खातात. पाण्याची पातळीही बघा. मधल्या उभ्या नळीच्या तोंडापेक्षा ती साधारण एक इंच खाली हवी, तोंडाशी असेल तर पाणी सतत नळीत सांडतं.

भारतीय घरांत आणखी एक जागा तपासायची असते: कमोडशेजारी बसवलेला जेट. त्याची नळी सतत दाबाखाली राहिली तर आज ना उद्या फुगते, जोडापाशी झिरपते, आणि घरात कुणी नसताना फुटली तर लाकडी जमिनीचं नुकसान पाण्याच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं. टी-वॉल्व्ह वापरानंतर बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. जेट आणि बिडे सीट वॉटरसेन्सच्या लेबलाखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांची निवड आणि देखभाल आपल्यालाच बघावी लागते.

पायरी ३: कमोड, बदलायचा की ठेवायचा

सगळ्यांनी कमोड बदलावेत असं मी सांगणार नाही. आधी घरातला कमोड कुठल्या पिढीतला आहे ते शोधा. टाकीचं झाकण उचलून उलटं करा, किंवा टाकीच्या आतली मागची भिंत बघा, तिथे बनवल्याची तारीख उमटवलेली असते. सीटच्या बिजागरीपाशी '१.६ जीपीएफ' किंवा '१.२८ जीपीएफ' असं छापलेलंही सापडेल. जीपीएफ म्हणजे एका फ्लशमागचे गॅलन.

आता हिशोब करू. घरात चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच फ्लश, म्हणजे वीस. साडेतीन गॅलनच्या कमोडला दिवसाला ७० गॅलन लागतात. १.२८ च्या कमोडला साडेपंचवीस. रोजचे ४४ गॅलन वाचले, वर्षाला सुमारे १६,००० गॅलन, म्हणजे ६० हजार लिटर. अशा घरात कमोड बदलणं ही सगळ्यांत फायद्याची खरेदी आहे. तोच हिशोब १.६ च्या कमोडचा केला तर वर्षाला फक्त २,३०० गॅलनच्या आसपास वाचतात. तो नीट चालत असेल तर चालू द्या, आणि बाथरूमचं नूतनीकरण निघेल तेव्हा लेबलधारी घ्या. १९९४ ते २००० च्या सुमाराचा आणि वरचेवर तुंबणारा १.६ चा कमोड मात्र ठेवू नये. दोनदा फ्लश केलं की तो ३.२ गॅलन घेतो, म्हणजे कागदावरची बचत कधीच संपलेली असते.

मॉडेल निवडताना लेबल ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी म्हणजे मॅप नावाची चाचणी. ही २००३ पासून चालू असलेली स्वतंत्र चाचणी आहे, आणि तिचे निकाल इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. एका फ्लशमध्ये किती ग्रॅम माल वाहून गेला, तो आकडा प्रत्येक मॉडेलपुढे दिलेला असतो, जास्तीत जास्त १,००० ग्रॅमपर्यंत. वॉटरसेन्सला ३५० पुरतात. कुटुंबासाठी घेत असाल तर मी ६०० च्या खाली जाणार नाही. ८०० किंवा १,००० मिळवणारे बरेच कमोड साध्या किमतीत मिळतात, आणि महागडं नाव म्हणजे मोठा आकडा असंही नाही. डबल फ्लशचे कमोडही यादीत आहेत. घरात आई-वडील भारतातून सहा महिने राहायला येत असतील, पाहुण्यांचा राबता असेल, तर दोन बटणांपेक्षा एकाच चांगल्या फ्लशचा कमोड बरा, असं माझं मत. चुकीचं बटण दाबून पुन्हा मोठं दाबलं की हिशोब बिघडतो.

विकत घेण्याआधी टेप घेऊन एक माप काढा. कमोडमागच्या तयार भिंतीपासून जमिनीवरच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर. याला रफ-इन म्हणतात. बहुतेक घरांत १२ इंच असतं, जुन्या घरांत १० किंवा १४ सुद्धा. भिंतीला लागून लाकडी पट्टी असेल तर पट्टीपासून नव्हे, भिंतीपासून मोजा. हे माप चुकलं की कमोड बसत नाही किंवा मागे मोठी फट राहते. बसवताना खालची मेणाची कडी नेहमी नवीच वापरायची. ज्याला प्लंबिंगची सवय आहे त्याने स्वतः बसवावा, कमोड जड असतो म्हणून सोबत एक माणूस ठेवावा. जमिनीतली कडी तुटलेली किंवा गंजलेली दिसली तर तिथे थांबून प्लंबरला बोलवा.

पायरी ४: शॉवर

शॉवरच्या तोटीची केंद्रीय मर्यादा मिनिटाला २.५ गॅलन, लेबलधारी तोटी जास्तीत जास्त २, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास. इथेही दुसरी अट आहेच: फवाऱ्याला जोर किती आणि अंगावर तो किती पसरतो, हे कमी दाबालाही तपासलेलं असतं. चार माणसं रोज आठ मिनिटं शॉवर घेत असतील तर वर्षाला सुमारे ५,८०० गॅलन वाचतात, आणि त्यातलं बरंचसं पाणी तापवलेलं असल्याने गॅस किंवा विजेचं बिलही उतरतं. तोटी बदलायला पाना, थोडी टेफ्लॉन टेप आणि पंधरा मिनिटं पुरतात.

आधी घरातली तोटी तपासा. दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन भरून बादलीत ओता आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. बादली रिकामी करून शॉवरखाली धरा, नेहमीच्या जोराने पाणी सोडा, घड्याळ लावा. खुणेपर्यंत भरायला २० सेकंदांपेक्षा कमी लागले तर तोटी बदलण्याजोगी आहे.

एक धोका मात्र कुणी फारसा सांगत नाही. जुन्या घरांत गरम आणि थंड पाण्याचे वेगळे दोन वॉल्व्ह असतात. दुसऱ्या बाथरूममध्ये कुणी फ्लश केलं की थंड पाण्याचा दाब उतरतो आणि शॉवरमधलं पाणी एकदम कढत होतं. तोटीतून कमी पाणी जात असेल तर हा फरक आणखी तीव्रपणे जाणवतो. नव्या घरांत दाब किंवा तापमान आपोआप सांभाळणारे वॉल्व्ह असतात, पण तेही ठरावीक प्रवाहासाठी बनवलेले असतात. म्हणून कमी प्रवाहाची तोटी घेताना आपला वॉल्व्ह तेवढ्या प्रवाहाला चालतो का, ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील आणि वॉल्व्ह जुना असेल, तर आधी वॉल्व्ह बदला, तोटी नंतर.

आणि ज्यांच्या घरी आई-बाबा आले की बाथरूममध्ये बादली-मग येतो, त्यांनी तो काढून टाकू नये. बादलीभर पाणी म्हणजे १५ ते २० लिटर. लेबलधारी शॉवरखाली आठ मिनिटांत ६० लिटर जातात. हा फरक कुठल्याही लेबलाने भरून निघत नाही.

पायरी ५: नळ आणि स्वयंपाकघर

बेसिनचा नळ बदलायची गरज क्वचितच पडते. नळाच्या तोंडाशी फिरवून काढता येणारी जाळी असते, एरेटर. तिच्या कडेवर बारीक अक्षरांत प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती गॅलन, लिहिलेला असतो. २.२ लिहिलं असेल तर लेबलधारी १.५ ची जाळी आणा, दोन-चार डॉलरची गोष्ट आहे. आटे आतून आहेत की बाहेरून, ते बघून घ्या. पकडीखाली फडकं ठेवा म्हणजे चकाकी जाणार नाही. जाळीत रेती अडकली असेल तर ती झटका.

स्वयंपाकघरातल्या नळाला वॉटरसेन्स लेबल नाही, कारण तिथे पातेली, कुकर भरायचे असतात आणि प्रवाह कमी केला तर फक्त वेळ जातो. म्हणून दुकानात स्वयंपाकघराच्या नळावर हे लेबल शोधत बसू नका. आपल्या घरांत पाणी जातं ते भांडी घासताना सतत चालू ठेवलेल्या नळाने. दहा मिनिटं पूर्ण सोडलेला २.२ गॅलनचा नळ म्हणजे २२ गॅलन. एनर्जी स्टारचा डिशवॉशर एका फेरीला साडेतीन गॅलनच्या आत-बाहेर घेतो. अनेक मराठी घरांत डिशवॉशर फक्त भांडी निथळत ठेवायला वापरतात. हळदीचे डाग आणि तेलकट कढया निघणार नाहीत, ही शंका असते. खरकटं आणि तेल कागदाने पुसून भांडी तशीच आत लावा, आधी नळाखाली धुऊ नका, आणि गरम पाण्याची फेरी लावून एकदा बघा. तळलेली कढई आणि तवा हाताने घासा, बाकीचं यंत्राला द्या.

कपड्यांच्या यंत्रावरही वॉटरसेन्स नसतं, तिथे एनर्जी स्टार बघायचं.

पायरी ६: लॉन

टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी हीच पहिली पायरी ठरू शकते, कारण कोरड्या भागांत घराचं अर्ध्याहून जास्त पाणी बाहेर जातं. ईपीएच्या अंदाजाने बाहेर घातलेल्या पाण्यातलं निम्मं पाणी वाऱ्याने, बाष्पीभवनाने आणि वाहून जाण्याने फुकट जाऊ शकतं. घड्याळावर चालणारा जुना कंट्रोलर पाऊस पडत असतानाही पाणी सोडतो. हवामानाप्रमाणे वेळ ठरवणाऱ्या कंट्रोलरना २०११ पासून लेबल आहे. दाब सांभाळणाऱ्या स्प्रिंकलरना आणि मातीतला ओलावा मोजणाऱ्या कंट्रोलरनाही ते नंतर मिळालं. कंट्रोलर लावून काम संपत नाही. माती, झाडं, उतार यांची माहिती त्यात नीट भरली नाही तर तो जुन्यापेक्षाही जास्त पाणी देऊ शकतो. हे स्वतःला जमत नसेल तर वॉटरसेन्सने मान्य केलेल्या कार्यक्रमातून प्रमाणपत्र घेतलेला सिंचन तंत्रज्ञ बोलवा. त्यांची यादीही ईपीएच्या संकेतस्थळावर आहे.

पायरी ७: दुसऱ्याचे पैसे आधी शोधा

भागीदारीचा खरा उपयोग ग्राहकाला इथे होतो. पाणीपुरवठा संस्था वॉटरसेन्सच्या भागीदार असतात आणि त्यांतल्या अनेक जणी लेबलधारी वस्तू घेतल्यावर काही रक्कम परत देतात, किंवा तोटी, जाळी आणि रंगाच्या गोळ्यांचा संच फुकट देतात. त्या असं का करतात? नवं धरण, नवी वाहिनी किंवा नवा शुद्धीकरण प्रकल्प बांधण्यापेक्षा लोकांचे कमोड बदलणं स्वस्त पडतं. न्यूयॉर्क शहराने हे वॉटरसेन्स येण्याआधीच करून दाखवलं. १९९४ ते १९९७ या काळात शहराने घरमालकांना पैसे परत देऊन सुमारे १३ लाख जुने कमोड बदलून घेतले. दक्षिण कॅलिफोर्नियात मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट सोकॅल वॉटरस्मार्ट या नावाने अशी योजना चालवते. तुमच्या गावाचं काय आहे ते वॉटरसेन्सच्या रिबेट शोधाच्या पानावर आणि स्थानिक पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर बघा.

अटी खरेदीच्या आधी वाचा. काही ठिकाणी आधी अर्ज, मग खरेदी असा क्रम असतो आणि उलट केलं तर पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी वर्षाचा निधी संपला की योजना थांबते. पावतीवर मॉडेल क्रमांक स्पष्ट हवा. जुन्या कमोडचा, त्यावरच्या तारखेसकट, आणि नव्याचा बसवल्यानंतरचा फोटो काढून ठेवा. काही योजना फक्त साडेतीन गॅलन किंवा त्याहून जुन्या कमोडच्या बदल्यातच पैसे देतात.

पायरी ८: एचओए आणि महाराष्ट्र मंडळ

एका घरापेक्षा शंभर घरांचं काम सोपं असतं, हे मला मनापासून वाटतं. काँडोमध्ये किंवा टाउनहोमच्या सोसायटीत पाण्याचा मीटर सामाईक असेल तर शेजाऱ्याचा गळका फ्लॅपर तुमच्याही मासिक हप्त्यात येतो. एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, बैठकीत 'पर्यावरण' म्हणून विषय मांडू नका, पाण्याच्या बिलाचा तीन वर्षांचा तक्ता घेऊन जा. मग एवढीच मागणी करा: प्रत्येक घरात रंगाची चाचणी, आणि गळक्या फ्लॅपरची दुरुस्ती एचओएच्या खर्चाने. ते झालं की सामाईक लॉनच्या कंट्रोलरचा विषय काढा. पैसा तिथेच जास्त वाहत असतो.

मंडळांसाठी मार्च महिना सोयीचा आहे. दर वर्षी मार्चमध्ये वॉटरसेन्सचा गळतीदुरुस्ती सप्ताह असतो, आणि पाडव्याच्या कार्यक्रमांची तयारीही त्याच सुमाराला चालू असते. स्थानिक पाणीपुरवठा संस्थेच्या जनसंपर्क विभागाला महिनाभर आधी लिहा. एक टेबल, फुकट संच, आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला एक माणूस, एवढं मागा. भागीदार संस्थांचं ते कामच आहे आणि त्यांना श्रोते हवे असतात. एखाद्या मोठ्या मंडळाला स्वतः वॉटरसेन्सचा प्रचार-भागीदार व्हावंसं वाटलं तर ईपीएशी करार करून तयार साहित्य वापरता येतं. मात्र लेबलाचं चिन्ह विनालेबल वस्तूंसोबत छापायचं नाही, ही शिस्त पाळावी लागते.

भाड्याचं घर, नवं घर, आणि पुण्याचा फ्लॅट

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये शॉवरची तोटी आणि जाळ्या बदलता येतात. जुन्या जपून ठेवा, जाताना परत बसवा. कमोडची गळती व्यवस्थापनाला लेखी कळवा. बऱ्याच ठिकाणी पाण्याचं बिल भाडेकरूंत वाटून घेतात.

नवं घर घेत असाल तर बिल्डरला विचारा की घर वॉटरसेन्सचं लेबलधारी आहे का. घरासाठीही हे लेबल असतं. २०२१ पासूनच्या नियमानुसार असं घर नेहमीच्या नव्या घरापेक्षा निदान ३० टक्के कमी पाणी वापरणारं असावं लागतं, आणि त्यात गळती नसल्याची तपासणी व लेबलधारी कमोड, बेसिनचे नळ, शॉवर सक्तीचे असतात. कॅलिफोर्नियात १९९४ पूर्वीचं घर घेताना जुन्या पाणीखाऊ वस्तूंबद्दल विक्रेत्याने काय जाहीर केलं आहे ते वाचा, तिथे याबद्दल कायदा आहे. शिवाय कॅलिफोर्नियातली शॉवरची मर्यादा २०१८ पासून मिनिटाला १.८ गॅलन आहे, म्हणजे वॉटरसेन्सपेक्षाही कडक.

भारतात जाताना आई-बाबांच्या फ्लॅटसाठी इथली शॉवरची तोटी बॅगेत घालून नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. इथल्या तोट्या ८० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला मोजलेल्या असतात आणि २० पीएसआयपर्यंत तपासलेल्या. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला १० मीटर उंचीमागे साधारण १४ पीएसआय दाब मिळतो, आणि वरच्या मजल्यांवर त्याहूनही कमी. तिथे ही तोटी नुसती ठिबकेल, शिवाय आटेही वेगळे असतात. त्यापेक्षा तिथल्याच दुकानात विचारा. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये पाणी वाचवणाऱ्या सॅनिटरी वस्तूंसाठी आयएस १७६५० हे मानक काढलं आहे, त्यात तारांकनाची सोय आहे.

वर्षभराने काय बघायचं

सगळं बसवल्यावर पुढच्या जानेवारीत बाजूला ठेवलेलं बिल काढा आणि त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको. डॉलर बघू नका, दर वाढलेले असतील. सीसीएफचा आकडा बघा, आणि घरात माणसं वाढली किंवा कमी झाली असतील तर माणशी हिशोब काढा. आकडा उतरला नसेल तर रंगाची चाचणी पुन्हा करा, नव्या कमोडचा फ्लॅपरही नीट न बसल्याने गळू शकतो. तीही ठीक असेल तर मीटरपासून घरापर्यंतची जमिनीखालची वाहिनी तपासायला प्लंबर बोलवा, कारण ती गळती घरातल्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. घराचा मुख्य वॉल्व्ह बंद करूनही मीटरचा त्रिकोण फिरत राहिला तर बिघाड तिथेच आहे.